नारू

"तुह्या मायले शंभरदा सांगतलं, पोट्टीले शाळेतल्या टाकीचं पाणी पेऊ देत नोको जाऊ. पण बुढीचं आयकते कोण? आता भोगा. अन् तू हलू नको व! तुटला तं अर्धा आत जाते, मंग घे."

कुरकुर आतल्या खोलीतून येत होती आणि रोजचीच होती, म्हणून रजनीनं आधी तिकडे लक्ष दिलं नाही. ती चक्कीवरून दळण घेऊन आली होती. डबा ओट्याखाली सरकवून, कोपरापर्यंत उडालेलं पीठ पदरानं झटकत उभी होती. इंदुताईंची, म्हणजे तिच्या सासूबाईंची, कुरकुर घरातल्या पंख्यासारखी होती. चालू असली की कुणाच्या ध्यानात यायची नाही.

मग तो शब्द कानात शिरला. तुटला? काय तुटला?

रजनीनं पडदा सारला. सुरभी, तिची नववीतली पोरगी, खाटेवर उताणी पडली होती. कुर्ता बरगड्यांपर्यंत वर घेतलेला, एका हातात मोबाइल. तिच्याशेजारी इंदुताई नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून वाकल्या होत्या. वाटीत तूप, तुपात कापसाचा बोळा आणि चिमटीत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक सोललेली काडी. सुरभीच्या बेंबीच्या वर, उजव्या अंगाला, लहानपणची एक बारीक खूण होती. त्या खुणेतून पांढरं, चकचकीत, पावसाळी गांडुळाएवढं काहीतरी बाहेर आलं होतं आणि त्याचा एक वेढा त्या काडीवर घेतलेला होता.

"मम्मी, नारू!" सुरभी म्हणाली. घरी कुणी पाहुणा आल्यासारखी तिला मजा वाटत होती, फक्त आवाज जरा बसलेला होता. "आजी म्हणते, आता साऱ्या जिल्ह्यात फक्त मलेच झाला. व्हिडिओ टाकला तं व्हायरल होईन."

"दोन दिवसाआधी पुटकुळी आलती," इंदुताई म्हणाल्या. "तुले नाही सांगतलं तिनं, मले सांगतलं. मी म्हटलं, फुटू दे. आज पाह्यते तं हा डोकावून राह्यला. सरकार म्हणते नारूचा किडा संपला. या म्हणा, पाहा म्हणा. आमच्या पायविहिरीचं पाणी पेऊन माह्या मायच्या पोटरीतून असाच निघाला होता. रोज एक येढा घ्याचा काडीवर. घाई नाही कराची."

"पायातून निघते नं आई नारू? पोटातून कसा?"

हे आपण का विचारतोय, ते रजनीला कळलं नाही. तिला उत्तर नको होतं. तिचं तोंड आपल्या मनानं बोलत होतं.

"माह्या मामीच्या छातीतून निघाला होता! त्याले काय रस्ता ठरवून देल्ला हाय का कोणी? वाट भेटन तिथून निघते." इंदुताईंनी काडी पुन्हा चिमटीत धरली. "आता हा दुसरा येढा. लंबा श्वास घे व सुरभे."

"सोडा ते."

"सोडा म्हणजे? सोडला तं आत जाते."

"सोडा म्हणते नं आई!"

लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि या घरात रजनीचा आवाज कधी एवढा चढला नव्हता. इंदुताईंच्या हातून काडी सुटली. ती पोरीच्या पोटावर पडून लोंबली आणि त्या पांढऱ्या वस्तूच्या टोकाशी एक थेंब जमला. स्वच्छ, काचेसारखा. टपकला. मागून दुसरा जमायला लागला.

"पाह्य, पाणी सोडून राह्यला," इंदुताई समाधानानं म्हणाल्या. "त्यात त्याची पिल्लं असतात."

ते पाणी कुठलं, हे या घरात फक्त दोघांना माहीत होतं. एक रजनी. दुसरा तिचा नवरा शाम, आणि तो या वेळी राजूरला खाणीवर डंपर चालवत होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं रजनी तेव्हा पांढरकवड्याला होती. पोरगी दोन महिन्यांची झाली आणि तिचं डोकं काही केल्या वाढायचं थांबेना. टोपडी पुरेनात. रजनी शिवणकाम करणारी, ती रोज नवं टोपडं बेतायची आणि रोज ते आखूड पडायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यात पाणी साचतंय, त्याला वाट करून द्यावी लागेल. त्यांनी कानामागून एक बारीक नळी आत घातली आणि कातडीखालून मानेवरून, छातीवरून पोटात नेऊन सोडली. पोटात नळीचं वेटोळं जास्तीचं ठेवलं. पोरगी उंच होईल तशी नळी पुरायला हवी. फ्रॉकच्या शिवणीत वाढीव कापडाची माया सोडतात तशी, असं रजनीनं आपल्या मनात समजून घेतलं होतं.

तेव्हाच्या त्या डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. क्वचित, फारच क्वचित, ही नळी वाट चुकते. आतड्यात शिरते, बेंबीतून बाहेर येते, कुठूनही येते. आली तर ओढायची नाही. ओढली तर नळीचे वरचे सांधे निसटतील, आणि बाहेरची घाण त्याच वाटेनं मेंदूपर्यंत चढेल. "पण हे तुम्ही डोक्यात घेऊन बसू नका," ते म्हणाले होते. रजनीनं त्यांचं इमानदारीनं ऐकलं होतं. चौदा वर्षं डोक्यात घेतलं नव्हतं.

आणि सासरी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी शामच्या बहिणीची सोयरीक पुसदला जमत होती. भावाच्या पोरीच्या डोक्यात पाणी आहे म्हटलं असतं, तर त्या लोकांनी दुसऱ्या दिवशी नारळ परत पाठवला असता. "लग्न होऊ दे, मंग सांगू आईले," शाम म्हणाला होता. लग्न झालं. मग पोरगी चालायला लागली, मग बोलायला लागली, मग शाळेत जायला लागली, आणि प्रत्येक वेळी असं वाटलं की आता चांगलं चाललंय, कशाला. मानेवरची ती उभी रेघ म्हणजे शीर आहे, कानामागचं टेंगूळ म्हणजे झोक्यातून पडली होती, पोटावरची खूण म्हणजे गळू झालं होतं. एकदा सांगितलेलं नीट लक्षात ठेवावं लागतं, एवढाच काय तो त्रास. सुरभीलाही हेच सांगितलं होतं.

आता मात्र सांगायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, आई, हा नारू नाही. पण पुढचं वाक्य काय येणार होतं? तुम्ही माझ्या पोरीच्या मेंदूतली नळी काडीवर गुंडाळली. जी बाई पोरीला रोज कुशीत घेऊन झोपते, तिला हे सांगायचं. रजनीनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "डॉक्टरले दाखवू. वणीले."

"डॉक्टरले काय समजते नारूतलं? त्याच्या जन्माआधी संपला तो."

"दाखवू, आई."

तिनं सुती साडीचं धुतलेलं फडकं घेतलं. वेढा सोडवायला तिची बोटं पुढे गेली आणि हवेतच थांबली. सोडवताना ओढलं गेलं तर? तिनं काडीसकट सगळं तसंच ठेवून वरून फडकं अलगद बांधलं. बांधताना ती त्याला बोटही लागू देत नव्हती, म्हणून सुरभी म्हणाली, "मम्मी, तुले किळस येऊन राह्यली का?"

"नाही व बाई."

"मले तं चक्कर येऊन राह्यली."

गेल्या आठवड्यात तिला दोन रात्री ताप होता. गोळ्या दिल्या, उतरला. डोकं दुखतं म्हणाली तर मोबाइल कमी पाहा म्हणून रजनीनंच झापलं होतं.

ती अंगणात गेली आणि शामला फोन लावला. पलीकडून मशीनचा धडधडाट आला, आणि त्याचं पहिलं वाक्य नेहमीचंच होतं. "आई जवळ हाय का?"

इंदुताई मागोमाग दारात येऊन उभ्याच होत्या. "हाय."

"मंग हो-नाही सांग. सुरभी?"

"हो."

"नळी?"

"हो."

मशीनचा आवाज लांब गेला. तो कुठंतरी आडोशाला गेला असावा. "बंद पडली?"

"नाही."

"मंग?... बाहेर आली?"

"हो."

"किती?"

हा प्रश्न हो-नाहीत मावत नव्हता. "बोटभर," ती म्हणाली.

"काय बोटभर?" इंदुताईंनी दारातून विचारलं.

"तेल, आई. तेल उरलं म्हणते."

"पोट्टी तिकडे पडली अन् ह्याले तेलाची पडली!" इंदुताई करवादल्या.

शाम म्हणाला, "मी निघालोच. वणीले दवाखान्यात येतो. तू डॉक्टरले एकटीनं आत जाऊन सांग. आईले बाहेर बसव. घाबरन थे." आणि मग, लहान पोरासारखा, "काही होणार नाही नं व?"

ती हो म्हणाली की नाही म्हणाली, हे तिला नंतर आठवेना.

शेजारच्या साजिदभाईंचं गॅरेज होतं आणि एक जुनी व्हॅन होती. त्यांनी काही न विचारता मागची सीट आडवी केली. इंदुताई आधीच चढून बसल्या होत्या. त्यांना बाहेर बसवण्याची गोष्ट इथंच संपली. "माह्या मांडीवर डोकं ठेव व," त्या सुरभीला म्हणाल्या. "अन् साजिद, गड्डे पाहून चालव. आतमंदी तुटला नाही पायजे."

"काय तुटला नाही पायजे, अम्मा?"

"नारू."

साजिदभाईंनी आरशातून रजनीकडे पाहिलं. रजनीनं खिडकीबाहेर पाहिलं.

हमरस्त्याला लागले आणि गाडी थांबली. पुढे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. कुठंतरी पुढे एक ट्रक आडवा झाला होता म्हणे. रस्त्याकडेची झाडं, टपऱ्या, टपरीवरचे बिस्किटाचे पुडे, सगळ्यावर काळी धूळ बसलेली. साजिदभाई खाली उतरले आणि एकेका ट्रकवाल्याच्या दारावर थापा मारत गेले. "ओ भाई, थोडा साइड दो! बच्ची बीमार है गाड़ी में!" कुणी अर्धा हात सरकायचं, कुणी तंबाखू मळत वरूनच हात हलवायचं.

सुरभीनं डोळे मिटले.

"सुरभी, झोपू नको."

"डोकं दुखते, मम्मी. लय."

"बोलत राह्य माह्यासंग. पाढा म्हण. एकोणीसचा म्हण."

"तापल्या पोरीले पाढे काहून म्हणाले लावते?" इंदुताई म्हणाल्या. "झोपू दे नं. झोपीनं बरं वाटते."

"नका झोपू देऊ, आई."

"पण काहून?"

सुरभी एकोणीस, अडतीस म्हणाली, सत्तावन्नला अडखळली, आणि मग एकदम कुशीवर वळून ओकली. इंदुताईंच्या लुगड्यावरच. इंदुताईंनी लुगडं पाहिलं नाही. पदराच्या टोकानं त्यांनी पोरीचं तोंड पुसलं, तिला परत सरळ केलं आणि तिच्या केसांतून बोटं फिरवायला लागल्या. "झालं, झालं. घाण निघून गेली. आता हलकं वाटन."

बोटं कानामागे गेली. तिथल्या टेंगळावर थांबली. हे टेंगूळ त्यांच्या ओळखीचं होतं, चौदा वर्षं त्यावर तेल जिरवलं होतं. आज ते मऊ, फुगलेलं लागलं असावं, कारण त्यांनी ते पुन्हा दाबून पाहिलं. मग तर्जनी खाली उतरली. मानेवरच्या त्या शिरेवरून, सावकाश, गळ्याच्या हाडावरून, कुर्त्यावरून छातीच्या मधोमध. शिवणीवरून बोट फिरवून दोरा कुठं जातो ते पाहावं, तसं. बरगड्या संपल्या. बोट फडक्यापाशी आलं, आणि फडक्याखालच्या काडीला लागलं.

इंदुताईंनी हात उचलून घेतला. चटका बसल्यासारखा.

गाडीतली कुरकुर बंद पडली. रजनीला आता फक्त बाहेरचे हॉर्न ऐकू येत होते. ती वाट पाहत राहिली. आता विचारतील. विचारलं की सांगून टाकीन. पण इंदुताई खिडकीतून ट्रकांकडे पाहत बसल्या. त्यांचा तो हात सीटवर उलटा पडला होता, तळवा वर करून, कुण्या दुसऱ्याचाच असल्यासारखा. त्यांनी विचारलं नाही. आणि लाजेची गोष्ट अशी की, विचारलं नाही म्हणून रजनीला क्षणभर बरं वाटलं.

ट्रक सरकले. साजिदभाई पळत आले.

दवाखान्यात गर्दी होती, पण सुरभीचा चेहरा पाहून नर्सनं थेट आत घेतलं. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्यानं भले दिसत होते. सोबतचे बाहेर थांबा, असं नर्स म्हणाली. इंदुताईंनी खाटेचा दांडा धरला आणि जागच्या हलल्या नाहीत. रजनीनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, डॉक्टरसाहेब, जरा बाहेर येता का. ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

डॉक्टरांनी फडकं सोडलं. काडी पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे काय आहे?"

नारू हा शब्द इंदुताईंच्या तोंडून गाडीतच गळून पडला होता.

डॉक्टरांनी काडीच्या खाली ते पांढरं कात्रीनं अलगद कापलं आणि वेढ्यासकट काडी ट्रेमध्ये ठेवली. वाकून पाहिलं. "ही नळी आहे. प्लास्टिकसारखी. इथं जुनी खूण दिसते. आधी कधी ऑपरेशन झालं होतं हिचं?"

हीच ती वेळ होती. वाक्य रजनीच्या जिभेवर तयार होतं. तिनं सुरभीकडे पाहिलं. पोरीनं डोळे अर्धे उघडले होते आणि ती आईच्याच तोंडाकडे पाहत होती. तिनं सासूकडे पाहिलं. इंदुताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या.

"गळू झालं होतं," रजनी म्हणाली. "लहानपणी. ते चिरलं होतं."

चौदा वर्षं घोटलेलं होतं. आपोआप आलं.

"अच्छा." डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला. "मग बरोबर. गळू चिरल्यावर पू निघायला नळी ठेवतात. त्यातला तुकडा आत राहून गेला असणार. एवढ्या वर्षांनी शरीरानं बाहेर ढकलला. तापही त्याचाच. घाबरू नका, काढून टाकू आत्ताच. सिस्टर, फोर्सेप द्या."

रजनीला वाटलं, आपण किंचाळतोय. पण खोलीत शांतता होती. तिचं खोटं इतकं चपखल बसलं होतं की त्याच्यापुढं खऱ्याला उभं राहायला जागाच उरली नव्हती. हातातला फोन थरथरत होता. शामचा असणार. पोरीच्या पोटावर तो थेंब पुन्हा जमत होता. चिमटा त्या पांढऱ्या टोकाकडे निघाला होता, डॉक्टरांचा हात स्थिर होता, आणि ते चांगल्या आवाजात सुरभीला सांगत होते, "दुखणार नाही हं, बेटा. फक्त थोडं ओढल्यासारखं वाटेल."

इंदुताईंनी डॉक्टरांचं मनगट धरलं.

"हात नको लावू, बाबू."

"आजी, हात सोडा. स्वच्छ केलेला आहे तो."

"नको लावू म्हणते."

"का पण? तुम्हाला काही माहीत आहे का?"

"मले काय माहीत?" इंदुताई म्हणाल्या. "मले कोणी काही सांगतलं नाही." आवाजात राग नव्हता. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं, आणि तसंच धरून त्या रजनीकडे वळल्या. "सांग व त्याले. मी इथं नाही असं समज. बहिरी हाय असं समज. पण सांग."

"आई..."

"सांग, पोरी. मंग मले काय म्हणाचं थे म्हणजो."

सुरभी खाटेवरून म्हणाली, "मम्मी, काय?"

रजनीनं फोन खाटेच्या कडेला उपडा ठेवला. मग ती पोरीच्या उशाशी गेली, तिचे केस कानावरून मागे सारले, तिथली ती जागा डॉक्टरांना दिसेल अशी मोकळी केली आणि हात तिथंच राहू दिला.

"गळू नव्हतं साहेब," ती म्हणाली. "हिच्या डोक्यात पाणी साचते. दोन महिन्याची होती तवा नागपूरले नळी टाकली, इथून पोटापर्यंत. थेच नळी हाय ही. अन् आज सकाळपासून आमी थे ओढून राह्यलो."